सज्ञान

रावपुऱ्याच्या शाखेत खिडकी नंबर तीन.
पासबुकावर अजून तेच:
हेमांगी गुप्ते, अज्ञान.
पालक: आई.

"अहीं सही करो, बेन."
बेन म्हणजे मी.
पहिली सही आईसारखी आली,
शेवटी तोच फराटा, खाली दोन टिंबं.
दुसरी पहिलीशी जुळेना.
"निरांते," बाई म्हणाल्या,
नि आईच्या नावावरून
निळ्या पेनाची रेघ ओढली.
आई बाकावर, पर्स मांडीवर,
पंख्याकडे बघत.

बाहेर शेव-उसळ. पैसे मी दिले.
सुटे तिनं मोजले, सवयीनं,
मग माझ्या तळहातावर ठेवले.

रात्री कार्डाचा आकडा ठरवताना
तिची जन्मतारीख टाकली.
पुसली.
दुसरा आकडा तिला सांगितला नाही.
तिनंही विचारला नाही,
फक्त दिवा मालवताना
दारात जरा थांबली.