चौथ्याचे डोळे

वणी सोडली की उजव्या हाताला, कोळशाच्या वजनकाट्यापुढं,
जिथं रोशनच्या बापाचं पंक्चरचं दुकान होतं
तिथं आता समुद्र उघडला आहे.
बोर्डावर लिहिलंय : टिकी बार.
पहिल्या दिवशी तिघांनी विचारलं, आलूची का?

माझ्याच टेम्पोतून गेले होते ते चार देव,
पोत्यात गुंडाळलेले, आडवे, तोंडं आभाळाकडं.
खड्डा आला की एकमेकांना टाळकी आपटायची
आणि मागं बसलेला डोमाजी ओरडायचा,
"हळू गा, माल कच्चा हाय!"

डोमाजी झिल्पे जन्मभर नंदी करत आला,
तान्ह्या पोळ्याचे. वीतभर, हातभर,
एकदा सरपंचाच्या नातवासाठी कमरेएवढा, चाकं लावून.
माणसाचं तोंड त्यानं कधी कोरलं नव्हतं.
रोशन चार वर्षं जहाजावर ग्लास पुसायला होता,
त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला :
कुठल्याशा बेटावरचा देव, दात विचकलेला.
डोमाजीनं बोटांनी तो मोठा केला, लहान केला,
"पोट दुखते का याचं?" एवढंच विचारलं
आणि शिवणीच्या ओंडक्यावर खडूची रेघ मारली.

उद्घाटनाच्या गर्दीत आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं.
पुढच्या मंगळवारी गेलो.
डोमाजीचा सदरा इस्त्रीचा, गळ्यात धुतलेला दुपट्टा.
दारात प्लास्टिकचा माड, त्याला लायटिंग.
छतावर बुरडांनी बांबू बसवलेला, त्यावर गवत,
आणि मागच्या भिंतीला पुढचे पाय टेकवून
कोणाची तरी बकरी
निवांत समुद्रकिनारा खात होती.

आत अंधार.
ट्रकचे ड्रायव्हर गळ्यात कागदी फुलांचे हार घालून बसलेले,
नवरदेव हरवलेल्या वऱ्हाडासारखे.
ग्लास नव्हताच. मातीचं एक तोंड आणून ठेवलं पोरानं,
त्यात मोरचुदासारखं निळं काहीतरी,
काठावर अननसाची फोड,
वर बोटभर कागदी छत्री.
डोमाजीनं वास घेतला.
"प्याचं हाय का फवाराचं?"
रोशन हसला. पैसे नको म्हणाला.
थोड्या वेळानं म्हणाला, पहिल्याचे नको.

मग तो उठला, देव पाहायला.
तिघं भिंतीशी उभे होते. एकाच्या दातात कोणी
विझलेली सिगारेट खोवली होती. ती त्यानं काढली,
दुपट्ट्यानं तोंड पुसलं, लेकराचं पुसतात तसं.
लाल बल्बाखाली मला पहिल्यांदा नीट दिसलं :
कान बाजूला पसरलेले,
कपाळावर चांद,
हनुवटीखाली पोळीच्या सात घड्या.
हे बैलच होते.
दात विचकायला सांगितलं म्हणून विचकलेले.
त्यांच्या खांद्यावर हात टाकून दोन पोरं फोटो काढत होती,
आणि देव बिचारे उभे, दावं धरून कोणी येईल म्हणून.

चौथा आत होता, लघवीच्या दाराजवळ.
नाक होतं, ओठ होते, जीभसुद्धा.
डोळ्यांच्या जागी नुसतं गुळगुळीत लाकूड.
"राह्यले का गा डोळे?" मी विचारलं.
"रोशन बोलला होता, यक इथं ठेवतो म्हने.
मंग म्या म्हटलं, इथं कायले पायाचं यानं?"

परत येताना टेम्पो रिकामा, खडखड जास्त.
डोमाजीनं चष्म्याच्या डबीतून ती छत्री काढली.
मिटली. उघडली.
डॅशबोर्डच्या उजेडात काड्या मोजल्या : आठ.
आठही एका वलयात, वलय वर-खाली सरकणारं,
कुठं खिळा नाही.
कोळशाचा ट्रक हॉर्न देत बाजूनं गेला, आम्ही दोघं काळे झालो.
"नातीच्या नंदीवर लावतो का?" मी म्हणालो.
त्याचं लक्ष नव्हतं.
"कोनं केली असन हे?" तो म्हणाला.
"बसून केली हाय कोनंतरी. पाय तं.
किती भेटले असन त्याले?"