दीडची लेन्स

झाडीपट्टीत नाटक दहाला म्हणतात
आणि पडदा उघडतो साडेअकराला.
पहाट होईस्तोवर मी मंचाच्या डाव्या कोपऱ्याशी,
गुडघ्यावर,
पुढच्या हंगामाच्या फ्लेक्ससाठी चेहरे टिपत.

माझ्या लेन्सला अंधार झेपत नाही.
निळा दिवा लागला की सगळेच हलतात,
खलनायक, विहीर, मरणारी आई.
मरणारी आई सर्वांत जास्त.

यशोधराबाई जनबंधू, एकोणतीस वर्षं नायिका,
चेहऱ्याला पावडर लावता लावता म्हणाल्या,
"औंदा शेवटचं. एक तरी फोटो असा काढ गा,
मी दिसन, माहं वय दिसणार नाही."

तसली लेन्स मला ठाऊक होती.
रशियाची, जुनी, पंच्याऐंशीची, दीडपर्यंत उघडणारी,
हातात घेतली तर किलोच्या मापाएवढी जड.
कडेचं सगळं गरगर फिरवते
आणि मधला चेहरा तेवढा राखते,
जात्यात खुंट्यापाशी एखादा दाणा राहतो तसा.

विकणारा गेन्नादी. त्याच्या गावाचं नाव
मला अजून नीट म्हणता येत नाही.
त्याचं मला, माझं त्याला, फोनच सांगतो.
एकदा त्याने विचारलं,
झाडांच्या पट्टीवर नाटक करता तुम्ही?
मी लिहिलं, जवळपास तसंच.

भाव ठरला. दोन हंगामांची कमाई घेऊन बँकेत गेलो.
घरडे साहेबांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला,
"त्या देशात पैसा जात नाही आता. निर्बंध आहेत."

निर्बंध हा शब्द आमच्याकडे नवा नाही.
वनखात्याच्या पिवळ्या पत्र्यावर असतो,
नाल्याच्या अलीकडे.
एप्रिलात वाघ फिरू लागला की पाटी लागते.
वाघाला वाचता येत नाही.
थांबतात त्या मोहफुलं वेचणाऱ्या बाया.

बातम्या मीही पाहतो.
तिकडे माणसं मरतात हे माहीत असताना
एका काचेसाठी हळहळायची लाज वाटते.
लाज वाटते
आणि लेन्सही हवीच असते,
दोन्ही एकाच रात्री, एकाच कुशीवर.

सीताबर्डीवरचा दुकानदार म्हणाला, दुबईवरून आणून देतो.
आकडा तोंडाने सांगितला नाही,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
मी त्याचा चहा पिऊन वडशाची गाडी धरली.

शेवटचा प्रयोग नवरगावला.
माघाची थंडी, तणसावर बसलेली माणसं,
लेकरं झोपलेली तिथंच.
तिसऱ्या अंकात यशोधराबाई दिव्याकडे वळल्या
आणि थांबल्या,
संवाद विसरल्यासारख्या,
माझ्यासाठी.
विंगेतून प्रॉम्प्टर ओरडला.
मी बटण दाबलं.
हललं.

फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.
"मी नाही दिसून राहिली," म्हणाल्या,
"पण वयही नाही दिसत.
अर्धं तर जमलं गा."

लेन्स येणार म्हणून त्यांनी आधीच एक पिशवी शिवली होती,
जुन्या पडद्याच्या मखमलीची, आत फलाटीण.
तीही देऊन टाकली. स्टुडिओत खिळ्यावर आहे.

तोच हललेला फोटो मी गेन्नादीला पाठवला, का कोण जाणे.
चार दिवसांनी उत्तर आलं.
बाई छान वळल्या आहेत, असं काहीतरी.
आणि लेन्स विकलेली नाही, खिडकीत ठेवली आहे,
मांजर तिच्याशेजारी झोपतं.
थंडीत आतलं तेल गोठतं, म्हणून रोज सकाळी आठला
एकदा तिची रिंग फिरवतो,
पूर्ण उघडी, पूर्ण बंद.

तिकडे आठ म्हणजे इथे साडेदहा.
समोरच्या बँकेचं शटर वर जातं.