कळकलेलं ताक

आबांच्या हातोडीला हंडा उत्तर देतो.
टण्ण म्हटलं तर पास,
खर्र म्हटलं तर कुठंतरी केसाएवढी भेग.
त्यांना यंत्र लागत नाही.

मला लागतं.
विद्यापीठाच्या माळावर, तळमजल्यावर,
दोन चुंबकांच्या मधोमध दाभणाएवढी नळी,
आणि द्रव नायट्रोजन, जो सदलगेमामा
धारेच्या दुधासारखा जपून आणतात.

"त्यात काय बघतीस?" आबांनी विचारलेलं.
म्हटलं, तांब्याचे दोन इलेक्ट्रॉन गेले
की त्या घरात नऊ उरतात.
आठांच्या जोड्या लागतात.
नववा एकटा. चुंबकात तोच कूस बदलतो,
म्हणून आम्हाला दिसतो.
"आन् हंड्यातलं तांबं?"
ते आमच्या यंत्राला गप्पच.
आबा हसले. त्यांना ते कधी गप्प वाटलं नव्हतं.

काल आईनं बिनकल्हईच्या पातेल्यात
ताक विसरलं. हिरवट, कळकलेलं.
ओतून द्यायच्या आत थोडं पळवलं,
आज गोठवून नळीत सरकवलं.

क्षेत्र चढत गेलं.
पडद्यावर एक शिखर, दुसरं, तिसरं,
चौथं मोठ्या लाटेत बुडालेलं,
पण अंतरं मोजली की कळतं, आहे तिथंच.

संध्याकाळी तांबट गल्लीत नवसागराचा धूर.
पातेलं निखाऱ्यावर. मी मोबाइल पुढं धरला.
"ह्यो आपल्या पातेल्यातला?"
हो.
"घर सोडलं तवाच बोलाया लागला म्हणायचा,"
असं म्हणून माझ्याकडे न बघता
त्यांनी कापसाचा बोळा
तळाशी गरागरा फिरवला.