खर्ज

अद्वय, पहिली गोष्ट फ्यूजची.
दोन ठेव. एक बॅगेत, एक पाकिटात, आधार कार्डामागे.
डीपी रोडच्या लॉन्सवर रात्री सव्वानऊला
फ्यूज विकणारं कुणी नसतं,
आणि दहाला पोलीस येतात,
गाणं कुठल्या ओळीवर आहे हे न विचारता.

दुसरी गोष्ट विसरलो. आठवली की सांगतो.

ड्रमरशी भांडू नकोस.
गायिकेशी भांड, गिटारवाल्याशी तर भांडच,
पण ज्याच्या उजव्या पायावर आपले दोन्ही हात चालतात
त्याला चहा पाज.
एकोणीस वर्षं मी ह्यूबर्टच्या बुटाकडे बघून वाजवलं.
तपकिरी बूट, टाचेला मोच्याची जाड शिवण.
वानवडीच्या चर्चमध्ये त्याला ठेवलं होतं
तेव्हा कमरेखाली पांढरी चादर.
सगळे प्रार्थना म्हणत होते
आणि मला कुठून सुरू करायचं ते कळेना.

कमी वाज.
हे मला कॅम्पातल्या एका हॉटेलात
म्हाताऱ्या पियानोवाल्यानं सांगितलं.
मी बावीसचा, बोटं पिंजऱ्यातल्या उंदरांसारखी.
म्हणाला, जिन्याला नक्षी कशाला रे,
चढताना कोण खाली बघतं?
पायरी तेवढी जागेवर असू दे.
दिवसा पिंपरीत मी मायक्रॉन मोजायचो,
मला ते लगेच पटलं.
हातांना पटायला सहा वर्षं लागली.

पैसे आधी घे. निदान अर्धे.
जेवण देतो म्हणतात. देतात. साडेअकराला,
गुलाबजामाचा नुसता पाक उरल्यावर.
अँप उचलताना गुडघे वाकव, कंबर नको.
ट्यूनर कुणाला देऊ नकोस, केबल तर नाहीच.
नवरदेवाचा मामा विचारेल,
चारच तारा? दोन तुटल्या वाटतं?
हो म्हण.
फोटोत तुझा खांदा येईल, कधी नुसती कोपराची टोकं.
रुसू नकोस.
एकदा मुंढव्यात माझा आवाजच गेला, अख्खं एक गाणं.
लोक नाचत होते, फक्त जरा
खड्ड्यातून चालल्यासारखे.
कुणालाच कळलं नाही काय गेलं ते.
घरी येताना स्कूटरवर मी खूप वेळ
तेवढ्याचाच विचार करत होतो,
चांगला की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

हां, दुसरी गोष्ट.
कर्वेनगरला आमच्या खाली आगटे राहतात.
वीज मंडळातून निवृत्त, एकटे.
सकाळी सात ते आठ माझा सराव,
आणि सगळ्यात जाड तार, तिसरा पडदा, दाबला की
त्यांच्या फडताळात एक स्टीलचा डबा थरथरायचा.
पाच वर्षांत चार चिठ्ठ्या.
'आपला घुमकारा आवरावा.'
शेवटची लॅमिनेट केलेली.

मग माझ्या मनगटाचं ऑपरेशन झालं.
तीन महिने बेस पलंगाखाली.
एका सकाळी बेल वाजली. दारात आगटे,
हातात डबा, झाकणासकट.
म्हणाले, यात रवा असतो.
हल्ली हा वाजत नाही.
तुमचं बरं आहे ना?

मी त्यांना आत घेतलं, बेस ओढून काढला.
पट्टा एका हातानं घालता येईना,
तो आगट्यांनी घातला, उलटा.
डबा टीपॉयवर ठेवला.
जाड तार, तिसरा पडदा.
मनगटातून कळ गेली. डबा गप्प.
पुन्हा. गप्पच.

आगटे थोडा वेळ डब्याकडे बघत राहिले,
मग उठले, डबा काखेत मारला,
म्हणाले, इथं नाही व्हायचं,
तो फडताळातच वाजतो.
थांबा, मी खाली जातो.