पाचव्या दिवसाचं पाणी

दिवेआगरच्या रिसॉर्टनं बिलात
एक टॉवेल हरवल्याचे तीनशे लावले होते.
मी काउंटरवर भांडत होतो
तेवढ्यात गिरिजा पळत गेली
आणि बिसलेरीच्या बाटलीत समुद्र भरून घेऊन आली.
झाकण घट्ट. बाटली मांडीवर.
सोलापूरपर्यंत धरीन म्हणाली.

माणगाव मागं पडलं, ताम्हिणी लागला.
काचेत अडकवलेला तिचा ओला फ्रॉक
गाडीबाहेर फडफडत वाळत होता.
महानंदा दर दोन वळणांनी आलेपाकाची वडी पुढं करायची
आणि मागं आप्पा,
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेले,
एकेक ओहोळ कुठं वळतो ते बघत बसलेले.
समुद्राकडं तीन दिवसांत त्यांनी एवढं बघितलं नव्हतं.
माथ्यावर म्हणाले, थांबव.
मला वाटलं, लघवीला.
उतरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले,
एक हात इकडं, एक हात तिकडं.
"इकडं पडलं की कोकणात.
तिकडं पडलं की आपलं."
मग जरा थांबून,
"टाटांनी सोडलं तर."
मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्न मारत होता.

पुण्यात शनिवारवाड्याचं तिकीट काढलं.
हत्तींसाठी ठोकलेले खिळे गिरिजानं मोजायला घेतले,
चाळिसाला कंटाळली.
आत जोती, हिरवळ, पायऱ्या.
"वाडा कुठंय?"
गाईड हवेत बोट दाखवून मजले सांगत होता
आणि लोक त्या हवेचे फोटो काढत होते.
आप्पांनी कारंज्यापाशी त्याला गाठलं :
"हितं पाणी कुठनं आणलं होतं?"
"कात्रजहून."
बरं, म्हणाले. पुढचं काही ऐकलं नाही.

संध्याकाळी खोलीवर
गिरिजानं बाटली कानाला लावली.
वाळू तळाशी बसली होती.
"हा आता बोलत नाही."
मग सोडायचा ठरला.
पुलाला निर्माल्य टाकू नये म्हणून जाळी,
तेव्हा खाली, ओंकारेश्वराच्या बाजूनं, काठाला.
नदी काळीशार, जलपर्णीत अडकलेली एक चप्पल.
एक माणूस उठून आला, काय टाकताय?
"समुद्र," गिरिजा म्हणाली.
त्यानं नीट विचार केला.
"बाटली टाकू नका."

ओतलं. बुडबुडासुद्धा आला नाही.
आप्पा बोटांवर मोजत होते :
मुठेला मुळा मिळते, मग भीमा, मग उजनी.
उजनीतनं पंप, पाईप, टाकी.
"मग आपला नळ."
"आपल्याआधी पोचेल?"
"नेम नाही बाळ. वरनं सोडलं तर पोचंल."
महानंदा हळूच म्हणाली,
म्हणजे हे पाणी पितो आपण.
कुणी काही बोललं नाही.
भेळ खाल्ली आणि परत आलो.

सोलापुरात पाणी पाचव्या दिवशी येतं,
पहाटे साडेतीनला.
मला उठव, असं तिनं बजावलं होतं.
उठली. डोळे मिटलेलेच,
हातात स्टीलचा पेला.
नळ आधी फुसफुसला, मग खोकला, मग आला.
एक घोट घेतला.
"अजून नाही आला," म्हणाली
आणि माझ्या खांद्यावर झोपून गेली.

आप्पा पिंपं भरत राहिले.
मी तोवर न उघडलेली बॅग ओढली,
कपडे भिजवून टाकू म्हटलं,
तर फ्रॉकच्या घडीत तो टॉवेल निघाला.
निळ्या काठाचा, रिसॉर्टचं नाव विणलेला.
तीनशे रुपये. त्या पोराला मी काय काय बोललो होतो.
बादलीत दाबून धरला, पिळला, बाजूला ठेवला.
पाणी शांत झालं तेव्हा
तळाशी वाळू होती, मूठभर.

चार वाजले होते.
शाळा होती सकाळी.
आप्पा वाकून बादलीत बघत राहिले,
मग माझ्याकडं बघून म्हणाले,
"उठवतोस का तिला?"