क्लचखालचा बोर्ड

औलूत मार्चचा बर्फ अजून गॅरेजच्या दाराशी.
जुन्या साबचा क्लच-सेन्सर आता कुठेच मिळत नाही,
म्हणून साइला नवा बोर्ड आखते:
आगपेटीहून लहान,
तांब्याच्या वाटा काटकोन टाळत वळवलेल्या,
पेडलच्या दांड्यावर तांदळाएवढं चुंबक.

वेइक्को आत बसून
पेडल दाबतो, सोडतो.
पडद्यावर रेघ चढते, उतरते,
आणि मधेच थरथरते.

ग्राउंड तपासलं. सोल्डरिंग पुन्हा केलं. वायर बदलली.
थरथर तशीच.
"बाबा, पाय काढ जरा."

रेघ सपाट, गोठलेल्या नदीसारखी.

"काय बिघडलंय?" काच खाली करून तो विचारतो.
"वायर सैल होती," ती म्हणते,
आणि रात्री आराखड्यात एक कपॅसिटर वाढवते.
निदान गाडीला तरी
कळू नये.