न नेलेले शिक्के

सुकलालशेठनी दुकान बंद केलं त्या दिवशी
शेवटच्या पगारासोबत मला एक खोकं दिलं.
ऑर्डर देऊन पुन्हा कोणी न्यायलाच आलं नाही
असे एकशे तेरा शिक्के.
बावीस वर्षं, चोपड्यात, तहसीलसमोर,
मी अक्षरं उलटी कोरली.
अजून बसची पाटीसुद्धा आधी मागून वाचते.

खोक्यात एक दूध संस्था होती,
नोंदणीआधीच फुटलेली.
एक दातांचा डॉक्टर, सुरतेला गेलेला.
सरपंच, सरपंच, सरपंच;
निकालाच्या आधी घाईनं करायला टाकलेले, तिघेही पडले.
आणि एक नुसता ‘समक्ष’.
कुणासमक्ष, ते कोरायचं राहिलेलं.

कॅनव्हास कुठला आणू?
जिनिंगमधलं गाठी बांधायचं गोणपाट धुतलं,
चौकटीवर ताणून खिळे ठोकले,
खडूची पूड आणि डिंक, दोन हात.
वर जुन्या पावतीबुकाची पानं
चहाच्या पाण्यातून काढून चिकटवली.
देठांना केळीच्या खांबाचा वाळलेला धागा,
रावेरच्या नणंदेनं पिशवी भरून पाठवलेला,
आत चिठ्ठी: ‘दोर वळणार का आता?’

मे महिना. पंचेचाळीस.
पॅडवरून कापडावर पोचेतो शाई वाळते.
ग्लिसरीनचे चार थेंब घातले, पंखा बंद केला,
आणि दूध संस्थेचा गोल शिक्का
एका बिंदूभोवती फिरवत पाचदा दाबला.
फूल.
प्रत्येक पाकळीच्या कडेला ‘मर्यादित’,
नाक लावलं तरच दिसतं.

शाई न लावता पुन्हा दाबला:
फिकट. ते लांबचं फूल.
तिसऱ्यांदा दाबला,
तर तिथं फूल असल्याची नुसती कुणकुण.

कपाशी सकाळी पिवळी उमलते,
दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते.
म्हणून एका झाडाला दोन पॅड.
गुलाबी शाई पत्रिका छापणाऱ्या युसुफकडून उसनी.
पहिल्या फुलावर कागदाचं फूल कापून झाकलं,
वरून दुसरं उठवलं, झाकण उचललं,
तर दुसरं पहिल्याच्या मागे जाऊन उभं!
आजवर माझ्या हातचा एकही शिक्का
कुणाच्या मागे उभा राहिला नव्हता.

सरपंचांच्या लांब पट्ट्यांची पानं केली,
तिघांना एकाच फांदीवर बसवलं.

मग चुकलं.
पाण्याचा फवारा जास्त झाला, जांभळी शाई सुटली
आणि ओघळत पार खालच्या कोपऱ्यात गेली.
पुसायला गेले तर पसरली.
हतनूरच्या पाण्याला तिन्हीसांजेला
असा रंग येतो खरा.
पण मी तो काढायला बसले नव्हते.

शेजारची रमणबाई दारात.
“हाई काय शे व माय? फूल शे का शिक्का शे?”
दोन्ही, मी म्हटलं.
तिनं चपलेच्या रबरातून कोरलेलं माझं केळफूल उचललं,
कापडावरच्या ठशाशी धरून पाहिलं.
“हाई उलटं उठनं.”
हो. डावीकडची पाकळी उजवीकडे गेली होती.
मी वाट पाहिली,
बावीस वर्षांची सवय,
आता कोणीतरी शिक्का परत आणून आपटणार.
कोणी आलं नाही.
केळफूल केळफुलासारखंच लोंबत होतं.

राहिली सहीची जागा.
नाव घालावं तर कुठलं,
माझ्या नावाचा शिक्का मी कधी केलाच नाही.
‘समक्ष’ला शाई लावली
आणि रमणबाईच्या हातात दिला.
तिनं दोन्ही हातांनी, श्वास धरून, दाबला.
वाकडा पडला.
बाजूला तिचा जांभळा अंगठाही उमटला,
न विचारता.

मग मी पंखा लावला.